उस्ताद रेषेबाहेर, खेळ शागिर्दांचा

पिंपळनेरच्या बाजारपेठेत कोणत्याही गॅरेजवाल्याला, शिलाईच्या दुकानदाराला किंवा कांद्याच्या खळ्यावरील व्यापाऱ्याला धंद्याची खुशाली विचारा, एक तक्रार हमखास कानी पडते. "माणसे टिकत नाहीत." पोरगा वर्ष-सहा महिने राहतो, हात जरा बसू लागला की सुरतेची गाडी धरतो, नाही तर नाशिकला एखाद्या कंपनीत लागतो. जो मागे राहतो त्याच्याविषयी दुसरी तक्रार असते. "सांगितल्याशिवाय हलत नाही." दोन्ही तक्रारींत तथ्य आहे. परंतु दोन्हींत दोष पोराचाच धरलेला असतो. उस्तादाने त्याच्यासाठी काय केले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

तो प्रश्न विचारण्यासाठी आम्ही आज व्यापाराच्या पानावर फुटबॉलचे मैदान आणीत आहोत. वाचकांना नवल वाटेल. आपल्या साक्री तालुक्यात पोरे क्रिकेट खेळतात, कबड्डी आणि व्हॉलीबॉल खेळतात. फुटबॉल म्हटला की कोल्हापूर, गोवा आणि कोलकाता आठवतात. तरीही माणसे घडविण्याचा धडा घ्यावयाचा तर फुटबॉलच्या प्रशिक्षकाकडूनच घ्यावा, असे आमचे मत आहे, आणि त्याला कारण आहे.

क्रिकेटमध्ये प्रत्येक षटकानंतर दोन शब्द बोलावयास सवड मिळते. कबड्डीत वेळ मागून घेता येतो. फुटबॉलमध्ये मात्र ४५ मिनिटांचा डाव एकदा सुरू झाला की तो अखंड चालतो. प्रशिक्षक रेषेबाहेर उभा असतो. चेंडूला त्याने पाय लावावयाचा नाही. आज निदान खेळाडू बदलता येतो. विश्वचषकात ही सवलत प्रथम १९७० साली मिळाली. त्यापूर्वी अकरा जण एकदा उतरले की उतरले. म्हणजे उस्तादाचे सारे काम सामन्याच्या आधीचे. दुकानाच्या मालकाचे खरे काम याहून वेगळे नाही. गिऱ्हाईक पायरी चढल्यावर नोकराला शिकवीत बसण्यास वेळ नसतो, आणि चारचौघांत शिकवू लागलो तर पोराचीही जाते आणि दुकानाचीही.

रहीम साहेबांची शाळा

या विषयात आपल्या देशात एकच नाव सर्वप्रथम घ्यावे लागते, ते म्हणजे हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. २०२४ साली आलेल्या 'मैदान' या हिंदी चित्रपटामुळे ते नव्या पिढीला कळले, परंतु त्यांची कामगिरी चित्रपटाची मोहताज नाही. पेशाने ते शाळामास्तर होते. १९५० साली त्यांनी हैदराबाद सिटी पोलीस संघाची जबाबदारी घेतली. त्या काळी मुंबईच्या कूपरेज मैदानावर होणारा रोव्हर्स करंडक देशातील मोठ्या स्पर्धांत गणला जाई. तो या पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारतीय संघाने १९५१ साली दिल्लीच्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळविले, १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक गाठला आणि १९६२ साली जकार्ता येथे पुन्हा आशियाई सुवर्णपदक पटकाविले.

ही यादी आम्ही अभिमानासाठी देत नाही. हा मनुष्य पैसेवाला नव्हता, त्याच्यापाशी सामग्री नव्हती, आणि परदेशी संघांच्या मानाने त्याचे खेळाडू गरीब घरचे होते. थोडक्यात, त्याची परिस्थिती आपल्या पिंपळनेरच्या एखाद्या मिस्त्रीसारखी होती. तरी त्याने जे केले ते कसे केले, हा आमच्या कुतूहलाचा विषय आहे.

कच्चा पाय वेगळ्या वेळी पक्का होतो

रहीम साहेबांची एक पद्धत व्यापाऱ्याने वहीत लिहून ठेवण्यासारखी आहे. प्रत्येक खेळाडूचा एक पाय पक्का आणि एक कच्चा असतो. कच्च्या पायाबद्दल खेळाडूला बोल लावण्याऐवजी त्यांनी कच्च्या पायानेच खेळावयाचे सामने भरविले. तसेच एकटाच चेंडू घेऊन पळणाऱ्यांसाठी असे सामने ठेवले की ज्यात चेंडू पायात घोळवीत पळण्यास बंदीच होती. चेंडू आला की सोबत्याला द्यावयाचा. उपदेशाने जे झाले नसते ते खेळाच्या नियमाने झाले.

आता आपल्या दुकानांकडे पाहावे. गॅरेजमधील पोरगा पंक्चर झकास काढतो, म्हणून तीन वर्षे त्याला पंक्चरच काढावयास लावतात. इंजिन उघडले की त्याच्या वाट्याला पाना आणून देणे आणि भाग रॉकेलमध्ये धुणे. शिलाईच्या दुकानात काजबटन आणि तुरपाई पोराची. कात्री मात्र मास्तरच्या हातून सुटत नाही. खळ्यावर गोल्टी निवडण्यात पोराचे आयुष्य जाते, लिलावात ट्रॉलीतील मालाचा अंदाज कसा बांधावा हे त्याला कोणी सांगत नाही. मग एक दिवस मालक आजारी पडतो, पोरावर इंजिन किंवा लिलाव सोपवितो, पोरगा चुकतो, आणि मालक म्हणतो, "बघा, यांना काही येत नाही." येणार कोठून? कच्च्या पायाने खेळण्याची वेळ त्याला थेट अंतिम सामन्यातच दिली.

यावर उपाय खर्चाचा नाही. गॅरेजात एखादे भंगारातील इंजिन ठेवावे आणि मंदीच्या दुपारी ते पोराकडून उघडून पुन्हा बसवून घ्यावे. मास्तरने जुन्या चादरीवर कात्री चालवू द्यावी. व्यापाऱ्याने पोराला ट्रॉलीजवळ उभे करून भाव पुकारण्याआधी त्याचा अंदाज विचारावा आणि लिलाव झाल्यावर दोघांचे आकडे ताडून पाहावेत. चुकले तरी नुकसान कोणाचे नाही. चूक स्वस्त असते तेव्हाच ती करू द्यावी, म्हणजे महाग वेळी ती होत नाही.

पहिली हार आणि दुसरी संधी

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये भारताने युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा मार खाल्ला. आपले बरेच खेळाडू त्या थंडीत अनवाणी खेळत होते. अशा पराभवानंतर दोन मार्ग असतात. खेळाडूंच्या नावाने बोटे मोडावीत, किंवा पायात काय नव्हते ते पाहावे. त्यानंतर आपल्या फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले, आणि चार वर्षांनी मेलबर्नला याच देशाच्या संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले. मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने त्या सामन्यात तीन गोल केले. ऑलिम्पिकच्या उपान्त्य फेरीत पोहोचलेला भारत हा पहिला आशियाई देश ठरला.

जकार्ताची गोष्ट याहून बोलकी आहे. १९६२ च्या त्या स्पर्धेत भारत पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून २-० असा हरला. पुढे थायलंड व जपान यांना हरवून आणि उपान्त्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामवर ३-२ अशी मात करून तो अंतिम फेरीत आला, तेव्हा समोर पुन्हा तोच कोरिया होता. प्रेक्षकही विरोधात होते. इस्राएल व तैवान यांना यजमानांनी वगळल्याबद्दल एका भारतीय पदाधिकाऱ्याने आक्षेप घेतला होता आणि त्याचा राग सारे स्टेडियम आपल्या खेळाडूंवर काढीत होते. ४ सप्टेंबर रोजी त्या गोंगाटात भारताने कोरियाला २-१ असे नमविले. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी गोल केले.

जर्नेलसिंग हा मूळचा बचावफळीतला खेळाडू. स्पर्धेत त्याच्या डोक्याला मार लागून टाके पडले होते. रहीम साहेबांनी त्याला जायबंदी म्हणून बाजूस टाकले नाही, पूर्वीच्याच जागी उभे करून दुखापतीवर दुखापतही होऊ दिली नाही. कॉलेजच्या दिवसांत तो पुढच्या फळीत खेळला होता हे ध्यानात ठेवून उपान्त्य व अंतिम सामन्यात त्याला पुढे आणले, आणि दोन्ही सामन्यांत त्याने गोल केला. आपल्या माणसाच्या अंगी आजच्या कामाखेरीज आणखी काय आहे, याची नोंद उस्तादाच्या डोक्यात असावी लागते. गल्ल्यावर हिशेबात चुकणारा पोरगा कदाचित गिऱ्हाइकाशी बोलण्यात पटाईत असेल. त्याला काढून टाकण्याआधी जागा बदलून पाहिली का, हा प्रश्न प्रत्येक मालकाने स्वतःला विचारावा.

मात्र येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. टाके पडलेला मनुष्य देशासाठी मैदानात उतरला, ही त्याची मर्दुमकी होती. त्यावरून कोणी असा अर्थ काढू नये की तापाने फणफणलेल्या कामगाराला कामावर ओढून आणण्याचा मालकाला हक्क आहे. खेळाडूची हिंमत ही त्याची देणगी असते, ती मालकाची वसुली नव्हे.

सायकलचे भाडे

आजकाल प्रेरणा देण्याचा धंदाच झाला आहे. मोठ्या शहरांत हॉल भाड्याने घेऊन व्याख्याने होतात, टाळ्या वाजतात, आणि लोक घरी जातात. रहीम साहेबांची प्रेरणा निराळी होती. तुलसीदास बलराम हा सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा गावचा गरीब घरातील मुलगा. त्याचा खेळ त्यांच्या नजरेत भरला. पण सरावाला शहरात येण्याजोगे पैसे मुलाजवळ नव्हते. उस्तादाने त्याला जिद्दीवर भाषण दिले नाही, भाड्याच्या सायकलसाठी पैसे दिले. तोच बलराम पुढे मेलबर्न, रोम आणि जकार्ता येथे भारताकडून खेळला आणि देशाच्या श्रेष्ठ खेळाडूंत गणला गेला.

पोरगा कामावर उशिरा येतो. आपण म्हणतो, आळशी आहे. तो पश्चिमेच्या एखाद्या पाड्यावरून येतो, सकाळची एसटी चुकली की दुसरी गाडी केव्हा मिळेल याचा भरवसा नाही, हे आपण विचारले का? पोरगा लक्ष देत नाही. त्याच्या घरी कोणी आजारी आहे काय? महिन्याचा पगार पाच तारखेऐवजी पंधरा तारखेला देणाऱ्या मालकाने प्रेरणेच्या गोष्टी सांगूच नयेत. मनुष्याचे मन कामात लागत नाही याचे कारण दहापैकी अनेकदा मनात नसते, वाटेत असते. वाटेतला दगड उचलला की पाय आपोआप चालू लागतात.

आपल्याच महाराष्ट्रातील नागपूरचे विजय बारसे यांचे उदाहरणही असेच आहे. हिस्लॉप कॉलेजातील या क्रीडाशिक्षकाने २००१ च्या सुमारास झोपडपट्टीतील मुलांना पावसात मोडकी बादली लाथाडीत खेळताना पाहिले. त्या मुलांना वळण लावण्यासाठी त्यांनी उपदेशाची सभा घेतली नाही, त्यांना चेंडू दिला आणि त्यांच्यासाठी स्पर्धा भरविल्या. त्यातून 'स्लम सॉकर'चे काम उभे राहिले आणि तेथील खेळाडू बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेले. २०२२ सालचा नागराज मंजुळे यांचा 'झुंड' याच कामावर बेतलेला आहे. जी मुले वाया गेलेली म्हणून सोडून दिली जातात, ती मैदान मिळाले तर नियमाने वागतात, वेळेवर येतात आणि हार पचवितात.

मालकाने मागे सरावे

आता सर्वांत कठीण गोष्ट. मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश क्लबचे अॅलेक्स फर्ग्युसन हे १९८६ ते २०१३ अशी सत्तावीस वर्षे प्रशिक्षक होते आणि त्या काळात त्यांनी १३ वेळा लीग जिंकली. मूळचे ते ग्लासगोच्या कारखान्यातील हत्यारे बनविणारे कारागीर. त्याआधी स्कॉटलंडमधील अॅबर्डीन क्लबमध्ये असताना सर्व सराव ते स्वतःच घेत. त्यांचे सहायक आर्ची नॉक्स यांनी त्यांना तोंडावर विचारले की मग मला येथे ठेवले आहे कशाला? फर्ग्युसन यांना ते प्रथम रुचले नाही. पण त्यांनी सराव सहायकावर सोपविला आणि आपण बाजूला उभे राहून पाहू लागले. तेव्हा त्यांना जे दिसू लागले ते शिट्टी तोंडात असताना दिसत नव्हते: कोणाची चाल मंदावली, कोण मनातून खचला, कोण दुखणे लपवितो आहे.

आपला दुकानदार नेमका येथे अडतो. सकाळी शटर तोच उघडतो, माल तोच लावतो, गल्ल्यावर तोच बसतो, उधारी तोच मागतो आणि रात्री कुलूपही तोच लावतो. याला तो मेहनत म्हणतो. मेहनत आहेच, पण ते खेळाडूचे काम झाले, उस्तादाचे नव्हे. हातात चेंडू घेऊन पळणारा मालक मागे वळून पाहू शकत नाही. आमची सूचना साधी आहे. आठवड्यातून एक दिवस, हंगाम नसताना, मालकाने गल्ल्याला हात लावू नये. दुकानातच बसावे, पण पाहावे. काही चुकले तर त्याच वेळी ओरडू नये. संध्याकाळी शटर ओढल्यावर त्या पोराला एकट्याला सांगावे, आणि जे चांगले केले ते चौघांदेखत सांगावे. चार आठवडे हे केले तर आपल्या दुकानाविषयी दहा वर्षांत न कळलेल्या गोष्टी कळतील.

शिकविले तर पळून जाईल?

यावर ठरलेला आक्षेप येईल. "आम्ही शिकवावे आणि पोराने समोरच दुकान थाटावे?" आक्षेप पोकळ नाही. हैदराबादचे किती तरी खेळाडू पुढे कोलकात्याच्या व मुंबईच्या क्लबांनी उचलले. बलरामही ईस्ट बंगालकडे गेला. तरी रहीम साहेबांची शाळा बंद पडली नाही, कारण तेथे जाऊन मनुष्य घडतो हे माहीत झाल्याने नवी पोरे येतच राहिली. शिकविणाऱ्या दुकानाला पोरांची वाण पडत नाही. आणि जो शिकून गेला तो दहिवेलला किंवा ताहाराबादला गॅरेज घालील, अडले की पार्ट मागावयास आणि सल्ला विचारावयास आपल्याकडेच येईल. न शिकविलेला पोरगाही जातोच. फरक इतकाच की तो जाताना शिव्या देऊन जातो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. खेळाडू हौसेने येतो, कामगार पोटासाठी येतो. दोघांना एक माप कसे? हे आम्हांस मान्य आहे. म्हणूनच आम्ही म्हणतो की गोड बोलणे हा पगाराला पर्याय नाही. संघ जिंकला की पदक प्रत्येक खेळाडूच्या गळ्यात पडते, एकट्या प्रशिक्षकाच्या नाही. कांद्याचा हंगाम चांगला गेला तर त्याचा काही अंश खळ्यावरील माणसांच्या हाती ठरवून, आधी सांगून, पडला पाहिजे. पोराचे हात जसजसे पक्के होतील तसतसा त्याचा रोजही चढला पाहिजे. आणि कोवळ्या वयाच्या मुलांना शाळेतून काढून 'शागिर्दी'च्या नावाखाली राबविणे हे तर कायद्याने गुन्हा आणि माणुसकीला काळिमा आहे. आम्ही येथे बोलत आहोत ते जाणत्या वयाच्या उमेदवारांविषयी.

उस्तादानंतर कोण?

जकार्ताला सुवर्णपदक मिळाले तेव्हा रहीम साहेब कर्करोगाने पोखरलेले होते. ११ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर भारताने आशियाई खेळांत फुटबॉलचे सुवर्णपदक पुन्हा जिंकलेले नाही. १९७० साली बँकॉकला कांस्यपदक मिळाले, तेवढेच. या घसरणीला अनेक कारणे आहेत. जगाचा खेळ बदलला, आपल्या संघटना मागे राहिल्या. एका माणसाच्या माथी सारे मारणे योग्य नाही. तरीही हे खरे की त्यांनी खेळाडू घडविले, पण त्यांच्या तोडीचा दुसरा उस्ताद देशाला उभा करता आला नाही. एवढ्या मोठ्या कामाची ही एक बाजू कोरी राहिली.

पिंपळनेरच्या पेठेत याची छोटी छोटी रूपे दिसतात. नावाजलेला मिस्त्री जातो आणि महिन्याभरात गॅरेजला कुलूप लागते. ज्या दुकानावर तीन खेड्यांची गिऱ्हाइके येत ते मालकाच्या पाठीमागे मुलांना चालविता येत नाही आणि जागा भाड्याने जाते. वडिलांनी माल ठेवला, जागा ठेवली, उधारीची वहीही ठेवली. फक्त चालविणारा तयार केला नाही. आपल्या समाजातील हुन्नर पिढ्यान्‌पिढ्या असाच मातीत जात आहे, आणि त्याची नोंद कोणत्याही जमाखर्चात होत नाही.

म्हणून आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांना एवढेच सांगणे आहे. वर्षाच्या शेवटी नफातोट्याचा हिशेब करताना एक ओळ आणखी लिहा: या वर्षी माझ्याशिवाय दुकान किती दिवस नीट चालले? तो आकडा शून्य असेल तर धंदा कितीही तेजीत असो, तो अजून एका माणसाच्या पायांवर उभा आहे. आणि दरसाल तो आकडा वाढत असेल, तर तुम्ही खेळाडूचे उस्ताद झालात असे समजा.